सोनकांबळे बाईंचा रहिवास

सोनकांबळे साहेबांकडे आयकराचं काही विचारायला गेलेल्या माणसाला ते खुर्ची देत नाहीत. जिन्यावर उभं करतात.

मलाही केलं होतं. मी तेव्हा लातुरात नवा होतो. नांदेडहून एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आलो होतो आणि साहेबांच्याच घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. वर साहेब एकटे. वर जायला बाहेरून दगडी जिना. त्याच्या खालच्या चार पायऱ्यांवर, समोरून दिसतील असे, पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेले होते. शून्य, दहा, वीस, तीस. पहिले काही आठवडे मला वाटत होतं, की गवंड्यानं काही माप लिहून ठेवलं असेल आणि पुसायचं राहून गेलं असेल.

आमच्या क्लासच्या मालकांनी त्या वर्षी माझा पगार वाढवायचं ठरवलं. आनंदाची गोष्ट होती, पण स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "वाढ घेऊ नकोस. तू पाच लाखाच्या वर चाललास. वर एक रुपया जरी गेला तरी सगळ्या पगाराला वीस टक्के. आत्ता नेतोस त्याच्याहून घरी कमी नेशील." भौतिकशास्त्राचा माणूस आकड्यांत चुकणार नाही असं मी धरून चाललो. रात्री बसून मालकांच्या नावे पत्र लिहिलं, की सदर वाढ मला तूर्त नको. सकाळी निघताना सहज वाटलं, वरचे साहेब कुठल्याशा सरकारी कचेरीत हिशेबनीस होते म्हणतात, एकदा दाखवावं.

साहेब अंगणात तुळशीला नव्हे, मिरचीच्या रोपाला पाणी घालत होते. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"ही दरखास्त दिली का?"

"नाही, आज देणार आहे."

"खरं सांगा सर. दिली का?"

आवाज असा, की मी पत्र नव्हे तर विषाची बाटली घेऊन आलोय. मी दोनदा नाही म्हणालो तेव्हा त्यांनी पत्राचे आठ तुकडे केले आणि मी ते चिकटवीन अशा धास्तीनं स्वतःच्या खिशात ठेवले. मग मनगटाला धरून मला जिन्याकडे नेलं. 

"उभं राहा पहिलीवर. ही शून्याची. अडीच लाखापर्यंत सरकार तुमच्याकडं बघत बी न्हाई. चढा. ही दहाची, अडीच ते पाच. चढा. ही विसाची. आता सांगा, तुम्ही तिसरीवर आलात म्हणून खालच्या दोन पायऱ्या जागच्या हलल्या का?"

"नाही."

"त्यांच्यावरचा आकडा बदलला का?"

"नाही."

"मग सगळ्या पगाराला वीस टक्के कुठून लागतील? तुमचे झाले पाच लाख वीस हजार. वीस टक्के कशाला? वरच्या वीस हजाराला. चार हजार सरकारचे, सोळा हजार तुमचे. जेवढं वर, तेवढ्यालाच. म्हणा."

"जेवढं वर, तेवढ्यालाच."

"जोरात म्हणा."

मी जोरात म्हणालो. तीनदा. समोरच्या मेसच्या दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या मुली बघत होत्या, पण एकही हसली नाही. आमच्या गल्लीत क्लास, अभ्यासिका, मेस आणि मुलांच्या खोल्या यांच्याशिवाय दुसरं काही नाही, आणि गल्लीतला प्रत्येक सर कधी ना कधी त्या जिन्यावर उभा राहिलेला होता. आमचे भौतिकशास्त्राचे सर तेवढे राहिले होते. त्यांना मी पुढच्या रविवारी घेऊन आलो.

इथपर्यंत सगळं गमतीचंच वाटत होतं. एक मात्र मला आधीपासून खटकायचं. साहेब जिना चढता-उतरताना भिंतीला खेटून चालायचे आणि कठड्याची बाजू मोकळी सोडायचे. गुडघे दुखतात म्हणून भिंतीचा आधार घेत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण कधी कधी ते मधेच थांबायचे, अंग आणखी चोरायचे, समोरून कुणी येत असलं म्हणजे आपण थांबतो तेवढा वेळ थांबायचे, आणि मग निघायचे. समोर कुणी नसायचं.

साहेबांना बायको होती हे मला मे महिन्यात कळलं. दारात एक पत्रिका आली, साध्या पोस्टकार्डावर हातानं लिहिलेली. सौ. प्रमिला सोनकांबळे, सहशिक्षिका, या नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत असल्याने निरोप समारंभ. तारीख एकतीस मे. मला वाटलं, बाई बाहेरगावी नोकरीला असतील. मी नवा सदरा घालून वर गेलो.

गल्लीतले आठ-दहा जण होते. एका खुर्चीवर शाल घडी करून ठेवली होती, वर एक पुस्तक. खुर्ची रिकामी. मी शेजारच्या मेसवाल्या गंगाबाईंना हळूच विचारलं, "बाई यायच्या आहेत का अजून?"

गंगाबाई म्हणाल्या, "त्या भूकंपात गेल्या की. तुम्हाला ठाव न्हाई? बसा गुमान."

साहेबांनी सेवेचा आढावा वाचला. कुठल्या साली निवडश्रेणी, कुठल्या वेतन आयोगात किती पगार, पेन्शन किती बसली. भूकंपानंतरची सगळी वर्षंसुद्धा त्यात होती, वेतनवाढ न चुकता. जन्मतारीख एक जून होती, बाईंच्या शाळेतल्या निम्म्या पोरांसारखीच शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली, म्हणून निवृत्ती एकतीस मेला. हेही त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाले, "आता सत्काराला उत्तर." आणि खाली बसले.

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. सगळे त्या खुर्चीकडे बघत होतो. पंखा चालू होता, शालीचं टोक हलत होतं. मी वर्गात मेलेले बेडूक चिरून दाखवतो, मला अशा गोष्टींचं काही वाटत नाही, पण त्या दोन मिनिटांत मला खुर्चीच्या पायांकडे बघवेना. मग साहेब उठले, "आभार" म्हणाले आणि पोहे आले. पोहे चांगले झाले होते.

त्यानंतर मला साहेबांची थोडी भीती वाटायला लागली आणि थोडी मायाही. मी वर जास्त जायला लागलो. एका वर्षी अर्थसंकल्पात दहाचे पाच टक्के झाले तेव्हा टीव्हीवर भाषण संपायच्या आत साहेब ब्रश घेऊन जिन्याशी बसले होते. जुना दहा पत्र्यानं खरवडून काढला, तिथं पाच लिहिला. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यालाही थांबवून सांगितलं, की दर बदलला, पायरी तीच आहे. एप्रिलपासून लागू.

त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाला ते पहिला प्रश्न एकच विचारायचे. "वर्षातले किती दिवस इथं होता?" मी हैदराबादच्या पलीकडे कधी गेलो नाही, तरी मलाही विचारलं होतं. उदगीरचा एक माणूस आखाती देशात कामाला होता, तो एकदा पासपोर्ट घेऊन आला. साहेबांनी त्याच्या शिक्क्यांवरून बोट फिरवत दिवस मोजले.

"एकशे ब्याऐंशी दिवस भरले की निवासी. आला तो दिवस धरायचा, गेला तो बी धरायचा."

"मी तर विमानातून उतरलो तवा अंधार पडला होता, साहेब."

"असू द्या. दिवस मावळताना पोचला तरी तो दिवस इथलाच. कायद्यात हाय."

तो गेल्यावर मी विचारलं, "एवढं मोजून फरक काय पडतो?"

"लई फरक पडतो. पायऱ्या सगळ्यांना सारख्या न्हाईत, सर. तुमचं वय साठ झालं की पहिली पायरी उंच होते. अडीच लाखाची तीन लाखाची. पन्नास हजाराला पाच टक्के लागत न्हाईत, अडीच हजार वाचले. पण ती उंच पायरी निवासी माणसालाच. अनिवासी माणूस साठीचा होवो की सत्तरीचा, त्याला अडीच लाखच." थोडं थांबून म्हणाले, "बाईला यंदा साठ पूर्ण झाली."

मग त्यांनी मला भिंतीवरचं, एप्रिल ते मार्च असं हातानं आखलेलं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात एक तर उभी रेघ होती नाही तर टिंब. रेघ म्हणजे बाई त्या दिवशी घरात होत्या. टिंब म्हणजे नव्हत्या.

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. "मी आत्मा मानत न्हाई," ते ठामपणे म्हणाले. "आमच्यात मानत न्हाईत. भूत, भानामती, अंगात येणं, सगळं फजूल. पण निवासी अन् अनिवासी मी मानतो. ते कायद्यात हाय."

"मग कळतं कसं?"

त्यांनी माठाकडे बोट केलं. माठावर झाकण, झाकणावर स्टीलचा पेला पालथा. लग्नापासून त्यांच्यात भांडण होतं ते याच गोष्टीवरून. साहेब पाणी पिऊन पेला पालथा ठेवायचे, धूळ जाऊ नये म्हणून. बाई सुलटा ठेवायच्या. कितीही सांगितलं तरी सुलटाच. बाई गेल्या आणि पेला पालथा राहायला लागला. मग एके दिवशी तो सुलटा दिसला. त्या वर्षी असे अकरा दिवस निघाले. साहेबांनी तेव्हापासून नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि नोंदीप्रमाणे आकडा दरसाल वाढतच गेला होता.

मला वेगळीच काळजी लागली. मी वर आलो की त्याच पेल्यानं पाणी पीत होतो आणि कसाही ठेवत होतो. बाईंचे निम्मे दिवस माझेच निघायचे. मी चाचरत कबुली दिली.

"ते वजा केलेत," साहेब म्हणाले. "तुम्ही पाणी पिलेले दिवस लाल टिंबानं दाखवलेत. बघा." खरंच लाल टिंबं होती. सतरा. मी सतरा दिवस पाणी प्यायलो होतो हे मलाही माहीत नव्हतं.

म्हातारा माणूस आहे, झोपेत उठून स्वतःच पाणी पीत असेल आणि विसरत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि मग श्रावणातल्या एका भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन, मी त्यांच्यासमोर बसून माझं रिटर्न भरत होतो. पेला पालथा होता. मी फॉर्मवर सही केली, टोपण लावलं, मान वर केली. पेला सुलटा. साहेब माझ्यासमोर मांडी घालून बसलेले, हातात माझी पावती. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो. खोलीत खडूचा वास येत होता, ओल्या फळ्यावर लिहिल्यावर येतो तसा.

साहेबांनी उठून चौकोनात रेघ ओढली. मी घरी जाऊन पांघरूण घेतलं. भर दुपारी.

त्या कॅलेंडरचं शेवटी होतं काय, तर साहेब बाईंच्या नावानं एक कोरा फॉर्म भरायचे. पेन्शन, व्याज, सगळं. आजवर दरसाल "अनिवासी"वर खूण. फॉर्म ट्रंकेत ठेवून द्यायचे.

"कर भरता का त्यांचा?" मी विचारलं.

त्यांना राग आला. "ती हयात न्हाई, सर. सरकारला फसवायचं का?"

भूकंपाच्या तारखेला साहेब बाईंच्या गावी जायचे. त्या वर्षी गुडघे फारच धरले होते म्हणून मीही बरोबर गेलो. भूकंप झाला त्या पहाटे आमच्या नांदेडलाही मांडणीवरची भांडी वाजली होती आणि आईनं मला झोपेतच अंगणात ओढून नेलं होतं, एवढीच माझी आठवण. त्याच्यापुढचं काही पाहिलेलं नव्हतं. औशाच्या पुढे एका ठिकाणी साहेबांनी घंटी वाजवायला सांगितली.

कंडक्टर म्हणाला, "साहेब, हे जुनं गाव. इथं कोणी राहत न्हाई. नवं गाव पुढं हाय."

"इथंच," साहेब म्हणाले.

बाभळी, दगड, पुन्हा बाभळी. शाळेची एकच पायरी उरली होती. साहेब तिच्यावर बसले, एका कडेला, दुसरी बाजू मोकळी ठेवून. तीन तास बसले.  मी लांब उभा राहिलो. तिथं पाखरांचाही आवाज नव्हता, आणि परत कधी निघतो असं मला झालं होतं.

परतीच्या गाडीत मला मागं जागा मिळाली. साहेब पुढं दोघांच्या बाकावर. त्यांनी स्वतःची दोन तिकिटं मागितली.

"दुसरं कुणाचं?" कंडक्टर म्हणाला.

"खिडकीशी बसलीय तिचं."

कंडक्टरनं खिडकीकडे पाहिलं. "तिथं कोण हाय, साहेब? कामून पैसे घालवता?"

साहेबांनी गाडीतल्या पाटीकडे बोट केलं. विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे. कंडक्टरनं आणखी वाद घातला नाही. औशाला गाडी खच्चून भरली. माणसं दांडीला धरून उभी होती. टोपली घेतलेली एक बाई त्या रिकाम्या जागेपर्यंत आली, बसायला वाकली, आणि "असू दे" म्हणत सरळ होऊन पुढं गेली. लातूरपर्यंत तिथं कुणी बसलं नाही. घरी पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. साहेब खूप थकले होते, जिना चढून गेले आणि तसेच झोपले. पण त्याआधी त्यांनी मला दोन्ही तिकिटं देऊन सांगितलं, "उद्या झेरॉक्स काढून आणा. ही नवीन तिकिटं फसवी हायेत, शाई उडून जाते."

मार्च लागला तेव्हा आकडा एकशे चौसष्टवर होता. मी रोज वर जायला लागलो. पाणी घरूनच पिऊन जायचो. एकशे सत्तर. एकशे शहात्तर. क्लासमध्ये परीक्षेचे दिवस, तरी माझं अर्धं लक्ष त्या माठाकडे. गंगाबाईसुद्धा डबा द्यायला आल्या की विचारायच्या, "बाईचं कुठवर आलं?" अडीच हजारांचा मामला, तोही कुणी न भरणाऱ्या करातला, पण त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता.

एकतीस मार्चला संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी वर गेलो. साहेब सकाळपासून माठासमोर बसलेले. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. पेला पालथा. आकडा एकशे एक्याऐंशी.

"साल बंद व्हायला आलं," ते म्हणाले. "आज आली न्हाई."

 मी कॅलेंडर खाली काढून पानं उलटायला लागलो, कुठं एखादी रेघ मोजायची राहिली असेल म्हणून. नव्हती राहिली. त्यांच्या मोजणीत चूक कशी निघणार? पण एका चौकोनात काहीच नव्हतं. रेघ नाही, टिंबही नाही. भूकंपाची तारीख.

"हा दिवस कोरा कसा, साहेब?"

त्यांनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी ती इथं होती असं मी कोणत्या तोंडानं मांडू?" ते म्हणाले. "आठवडाभर ती त्या गावी राहायची, खोली करून. शनिवारी एसटीनं यायची, सोमवारी जायची. मी चेष्टा करायचो, तू या घरात अनिवासी हायेस म्हणून. ती म्हणायची, होईन की एक दिवस निवासी. अन् झालीच होती. बढती आली होती तिला. मुख्याध्यापक म्हणून, लातूरला लागून असलेल्या शाळेत. घरून जाऊन-येऊन करता आलं असतं."

"मग?"

"मी हिशेबनीस. मी आकडे काढले. म्हणलं, पगार करमाफीच्या मर्यादेच्या वर चालला. वर गेला की सगळ्याच पगाराला कर लागंल, हातात आत्ताच्याहून कमी येईल. दोन वर्षं थांबू, मर्यादा वाढली की घेऊ. कचेरीत सगळे तसंच समजायचे, मी बी तसंच समजत होतो. कायदा उघडून बघितला न्हाई. बढती नको म्हणून दरखास्त मीच सांगितली, तिनं लिहिली. इथं, जिन्यावर बसून. तिनं एकदा विचारलं, नक्की असंच असतं का हो? मी म्हणलं, हिशेब तुला कळतो का मला?"

खाली मेसमध्ये भांडी वाजत होती.

"जेवढं वर, तेवढ्यालाच होतं, सर. मला भूकंप झाल्यावर सात महिन्यांनी कळलं. फरक किती होता ते बी काढून बघितलं. ते सांगत न्हाई तुम्हाला."

त्यांनी मला पहिल्या दिवशी खरं सांगा, दिली का, असं का विचारलं होतं, ते मला तेव्हा उमगलं.  या माणसानं गल्लीतल्या प्रत्येक सराला मनगट धरून जिन्यावर चढवलं होतं, आणि ज्या एका माणसाला चढवायला हवं होतं, तिला उतरून एसटीला जाऊ दिलं होतं.

मी शिक्षक आहे. कुणाच्या पाठीवरून हात फिरवायला मला जमत नाही. मला जे जमतं ते मी केलं.

"तुमच्या तोंडाचं कोण विचारतंय, साहेब?" मी म्हणालो. "कायदा काय म्हणतो? आला तो दिवस धरायचा. दिवस मावळताना पोचला तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही पेला बघितलाच नव्हता. येऊन झोपलात."

"पुरावा पाहिजे," ते पुटपुटले.

"आहे. परतीची दोन तिकिटं. तुमच्या फाइलला झेरॉक्स आहे, मीच काढून आणलीय."

"तिकीट मी काढलं. ती गाडीत होती हे कशावरून?"

"गाडी खच्चून भरली होती. तुमच्या शेजारची जागा लातूरपर्यंत रिकामी राहिली. मी मागं बसून बघत होतो. टोपलीवाली बाई बसता बसता उठली. साक्ष द्यायची असेल तर देतो, कुठंही देतो."

साहेब उठले. ट्रंक उघडली. फाइल काढून दोन्ही तिकिटांच्या झेरॉक्स जमिनीवर मांडल्या, बाजूला कॅलेंडर ठेवलं, आणि तारीख तारखेशी ताडून पाहिली. दोनदा. मग पेन माझ्यापुढे केलं.

"रेघ तुम्ही ओढा. एकदा तिच्या कागदात माझा हात लागला होता, ते पुरे."

मी त्या कोऱ्या चौकोनात रेघ ओढली. एकशे ब्याऐंशी.

साहेबांनी फॉर्म पुढ्यात घेतला. "निवासी"समोर खूण केली. पहिली पायरी अडीच लाखाची तीन लाखाची केली आणि सगळा हिशेब मोठ्यानं वाचत खाली उतरवला. उपकरासकट. शेवटचा आकडा आला तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले, आणि आतल्या रिकाम्या खोलीकडे बघून अगदी साध्या आवाजात, जेवायला हाक मारावी तसे म्हणाले, "ऐकलं का? झालीस निवासी."

आतून काही आवाज आला नाही. खडूचा वास मात्र आला, दोघांनाही.

मी निघालो. बाहेर अजून उजेड होता, गल्लीत मुलामुलींची डबे घ्यायला गर्दी झाली होती. मी जिना उतरत होतो, भिंतीला खेटून. विसाच्या पायरीवर थांबलो, अंग चोरून कठड्याच्या बाजूला वाट दिली, आणि थोड्या वेळानं खाली आलो.